पाठीवरचे गणित

दहावीचा निकाल लागला, त्या दिवशी माथेरानात पावसाची झड लागली होती. गुणपत्रिका भिजू नये म्हणून मी ती ओढणीत गुंडाळून घरी आणली. इतर विषयांत मी कशीबशी तरले होते; गणितापुढे मात्र १९ हा आकडा होता. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अक्षरे वाचता येत नसत. आकडे मात्र कळत. त्यांनी तो आकडा पाहिला, कागदाची पुन्हा घडी केली आणि माझ्या हातात देत ते म्हणाले, "चंद्रीची नाल ढिली झालीय. नालबंद खाली उतरायच्या आत त्याला गाठ." माझ्या नापास होण्याचे त्यांना काहीच वाटले नाही, असा समज करून घेऊन मी रडतच पावसात निघाले.

आमचे घर घोड्यांवर चाले. माथेरान हे रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलेले गाव. १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांची नजर या डोंगरावर गेली आणि हळूहळू येथे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ मध्ये नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. त्यापुढे तांबड्या मातीची वाट सुरू होते आणि त्या वाटेवर माणसाने चालावे, हातरिक्षात बसावे किंवा घोड्यावर स्वार व्हावे, अशी रीत होती. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. मी सांगते आहे तो काळ त्याच्या पुष्कळ आधीचा. आमच्या दावणीला तेव्हा दोन जनावरे होती. एक राजा नावाचा तांबडा घोडा आणि दुसरी चंद्री, कपाळावर पांढरा ठिपका असलेली ठेंगणी, गोल पोटाची घोडी.

शाळा सुटली तसा माझा सगळा दिवस या दोघांच्या सहवासात जाऊ लागला. खरारा करणे, लीद काढणे, हरभरा भिजवून चंदी तयार करणे, पाण्याच्या बादल्या भरणे ही कामे मी लहानपणापासून करत आले होते. आता ती माझ्याकडे कायमची आली. आणि तेथेच, ज्या विषयाला मी घाबरत होते तो विषय मला पावलोपावली भेटू लागला. मात्र त्याने गणित हे नाव धारण केलेले नव्हते, म्हणून मी त्याला ओळखले नाही.

घोडा सावकाश चालतो तेव्हा त्याचे चार खूर चार निरनिराळ्या क्षणी जमिनीवर पडतात. चार ठोके कानावर येतात. दुडकी चाल धरली, की एक पुढचा आणि त्याच्या तिरकस समोरचा मागचा पाय जोडीने पडतो, म्हणून ठोके दोनच. त्याहून वेग वाढला, की तीन ठोक्यांची धाव सुरू होते. अण्णा जनावराच्या पुढे लगाम धरून चालत आणि मागे वळून न पाहता हे ठोके ऐकत. तीन ठोके स्वच्छ आणि चौथा दबका आला, की ते थांबत आणि नेमका दुखरा पाय उचलून पाहत. खुरात बहुधा खडा रुतलेला असे. चारातून एक उणा झाला, हे त्यांना कानाने कळे.

नालबंदाकडचा हिशेबही असाच. खूर हा आपल्या नखासारखा असतो; तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटरपर्यंत वाढतो. म्हणून दर सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासावा लागतो आणि नाल पुन्हा ठोकावी लागते. आमचा नालबंद एका नालेला सहा खिळे मारी. एका जनावराचे चोवीस, दोघांचे अठ्ठेचाळीस. वर्षाच्या बावन्न आठवड्यांत अशा पाळ्या जवळजवळ नऊ. म्हणजे खिळे चारशे बत्तीस. अण्णा दिवाळीनंतर खिळे एकदम विकत घेत आणि दुकानदाराला "साडेचारशे दे" असे सांगत. वरचे अठरा खिळे वाकड्या-तुटक्यांसाठी. हा गुणाकार त्यांनी कधी कागदावर मांडला नव्हता. मला मात्र शाळेत ४८ गुणिले ९ करताना घाम फुटत असे.

एके दिवशी एका पाहुण्याने घोड्यांविषयीची इंग्रजी पुस्तिका आमच्या ओट्यावर विसरली. शब्दकोशाच्या आधाराने मी ती चाळू लागले. घोड्याची उंची 'हँड' या मापात मोजतात आणि एक हँड म्हणजे चार इंच, हे मला त्यातून कळले. आपला कोपरापासूनचा हात तो हा नव्हे. ही पंजाची रुंदी. पुस्तिकेत पुढे असे होते, की १४.२ हँडपेक्षा कमी उंचीच्या घोड्याला सामान्यतः पोनी, म्हणजे तट्टू, म्हणावे. मी १४.२ ला ४ ने गुणले. उत्तर आले ५६.८ इंच. पुस्तिकेत मात्र ५८ छापलेले! पुन्हा गुणले, पुन्हा तेच. एकोणीस गुणांची मुलगी ती. चूक आपलीच असणार, असे मानून मी पुस्तिका मिटून ठेवली.

संध्याकाळी अण्णांना सहज विचारले. त्यांनी राजाच्या खांद्याशी पंजा आडवा लावला आणि एकावर एक पंजे मोजत वर गेले. चौदा पंजे झाले आणि वर थोडी जागा उरली. "चौदा पंजे, वर एक इंच," ते म्हणाले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो बिंदू दशांशाचा नव्हताच! १४.२ म्हणजे चौदा हँड आणि दोन इंच. चौदा चोक छप्पन्न अधिक दोन, अठ्ठावन्न. या मोजणीत १४.३ च्या पुढे १४.४ येत नाही, एकदम १५ येतात. कारण चार इंच झाले की एक हँड पुरा होतो. दहा झाले की डावीकडे एक हातचा द्यायचा, हे शाळेत मी वर्षानुवर्षे करत आले होते, पण ते का करतात हे मला त्या संध्याकाळी, दहाच्या जागी चार आल्यावर, समजले. त्या हिशेबाने १४.१ हँडांचा आमचा राजाही तट्टूच ठरत होता. हे ऐकून अण्णा दोन दिवस त्या पुस्तिकेवर रुसून होते.

माणूस जनावराला आपल्या अंगाने मोजतो, ही गोष्ट फार जुनी आहे. पुढे पदवीच्या अभ्यासात कौटिल्याचे 'अर्थशास्त्र' चाळताना अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात मला उत्तम घोड्याची मापे सापडली. तोंड ३२ अंगुळे, लांबी तोंडाच्या पाचपट. नळी २० अंगुळे, उंची नळीच्या चौपट. प्रमाण म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला फळा कोठे मिळणार? पण तोवर मला प्रमाणाचा धडा एका निराळ्या प्रसंगाने मिळून गेला होता.

पावसाळा सरता सरता गावात जनावरांच्या डॉक्टरांचे शिबिर भरले. घोड्यांना जंताचे औषध द्यायचे होते. औषधाच्या पिचकारीवर किलोचे आकडे कोरलेले होते. जनावराचे जितके वजन, तितक्या खुणेपर्यंत दट्ट्या दाबायचा. डॉक्टरांनी विचारले, "वजन किती हिचं?" अण्णा म्हणाले, "असेल तीनेकशे किलो." डॉक्टर हसले. "अंदाजावर औषध देऊ नये. कमी पडलं तर जंत मरत नाहीत. टेप आहे का घरात?"

आई शिवणकाम करी. तिची टेप मी धावत आणली. डॉक्टरांनी ती चंद्रीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती फिरवली. शिंप्याची टेप १५० सेंटिमीटरची असते. तिची दोन टोके चंद्रीच्या बरगडीवर बरोबर एकमेकांना टेकली. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंतची लांबी घेतली, ती १३२ भरली. डॉक्टरांनी सूत्र सांगितले: छातीच्या घेराचा वर्ग करा, त्याला लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा. पुढच्या घोड्याकडे वळताना ते मला म्हणाले, "तू कर. मी आलोच."

मी औषधाच्या खोक्याच्या पाठीवर पेन्सिलीने हिशेब मांडला. १५० चा वर्ग २२,५००. त्याला १३२ ने गुणल्यावर २९,७०,०००. आता भागाकार. माझा हात थरथरत होता. भागाकार पुरा झाला, बाकी शून्य उरली आणि उत्तर आले २५०. मी सवयीने मान वर केली, बरोबर की चूक ते समोरच्या चेहऱ्यावर वाचण्यासाठी. पण समोर चेहरा नव्हताच. डॉक्टर लांब होते, अण्णांना भागाकार येत नव्हता आणि चंद्री गवत खात होती. हे उत्तर जगात कोणालाच आधी ठाऊक नव्हते. ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायचा एकच मार्ग होता: पुन्हा मोजणे. मी टेप पुन्हा फिरवली, पुन्हा गुणले, पुन्हा भागले. पुन्हा २५०. डॉक्टर परत आले तेव्हा मी न विचारता म्हणाले, "अडीचशे किलो." त्यांनी दट्ट्या तितकाच दाबला.

ही गोष्ट येथे संपली असती, तर ती एका नापास मुलीच्या आनंदाची गोष्ट झाली असती. पण निघताना डॉक्टर सहज बोलून गेले, की घोड्याच्या पाठीवर खोगिरासकट त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भार सहसा घालू नये. रात्री मी तोही भागाकार केला. अडीचशेचा पाचवा हिस्सा पन्नास. वाण्याच्या काट्यावर खोगीर भरले दहा किलो. उरले चाळीस. राजाचे वजन त्याच सूत्राने ३४४ च्या आसपास आले; त्याच्या पाठीवर खोगीर वजा जाता एकोणसाठ किलोंपर्यंतचा माणूस. आकडे ऐकून आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "चाळीस किलोची माणसं आणायची कुठून?"

तिचा प्रश्न खरा होता. मुंबई-पुण्याहून येणारी धडधाकट माणसे घोडा पाहून बसत, पाचवा हिस्सा पाहून नव्हे. हंगाम मोजक्या आठवड्यांचा. त्यात मिळेल त्यावर चार महिन्यांचा पावसाळा काढायचा. अण्णा काहीच बोलले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत गर्दी उसळली. राजा दुसऱ्या गिऱ्हाईकाबरोबर गेलेला असताना एक जाडजूड गृहस्थ आले आणि चंद्रीवरच बसण्याचा हट्ट धरून राहिले. अण्णांनी माझ्याकडे पाहिले, मग रिकीब धरली. मीही काही बोलले नाही. चढाच्या वाटेवर अर्ध्यात चंद्री थांबली. नाकपुड्या फुललेल्या, मान खाली, पाय किंचित फाकलेले. अण्णांनी स्वाराला उतरवले आणि तिला सावलीत उभे केले. डॉक्टरांनी मला नाडी पाहायला शिकवले होते. घोड्याच्या जबड्याच्या आतल्या कडेला एक रोहिणी बोटाला लागते. पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चाराने गुणायचे. शांत घोड्याची नाडी मिनिटाला साधारण २८ ते ४४ पडते. चंद्रीची नेहमी चाळीस असे. त्या गृहस्थांच्या घड्याळावर नजर ठेवून मी मोजले. बावीस ठोके, म्हणजे अठ्ठ्याऐंशी. दम घेऊन बराच वेळ झाला, तेव्हा पुन्हा मोजले. सोळा.

"किती?" अण्णांनी विचारले.

आजवर त्यांनी मला कधीच आकडा विचारला नव्हता. मी म्हणाले, "चौसष्ट. चाळीस असायला हवेत, अण्णा."

त्यांनी गृहस्थांचे पैसे परत केले, खोगीर स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि चंद्रीला मोकळी चालवत घरी आणले. त्या दिवसापासून तिच्या पाठीवर फक्त लहान मुले बसली. तो हंगाम आम्हाला तोट्याचा गेला. आईने रात्रीची शिलाई वाढवली. राजाच्या बाबतीत तो पाचवा हिस्सा आम्हाला दर वेळी पाळता आला, असे मी म्हणणार नाही. कधी कधी अण्णांनी पाहून न पाहिल्यासारखे केले आणि कधी मीही केले. पण आता आम्हा दोघांनाही आकडा ठाऊक होता. तो ठाऊक नसण्याची सोय संपली होती. मोजण्याचे हे एक दुखणे आहे: मोजलेली गोष्ट पुन्हा न मोजलेली होत नाही.

पुढच्या मार्चमध्ये मी गणिताला पुन्हा बसले. अभ्यास गोठ्याशेजारच्या ओट्यावर केला. विज्ञानाच्या पुस्तकात एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट हे वाक्य मी पूर्वी पाठ केले होते. आमच्या दावणीला दोन अश्व बांधलेले असताना मला त्याचा अर्थ विचारावासा वाटला नव्हता. जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या यंत्राची तुलना गिरणी ओढणाऱ्या घोड्यांशी करून हे माप काढले. मी राजाला घेऊन उदाहरण रचले. राजा आणि भार मिळून ४१० किलो, चढ ६० मीटर, वेळ १५ मिनिटे. ४१० गुणिले ९.८ गुणिले ६०, भागिले ९०० सेकंद. उत्तर सुमारे २६८ वॅट. म्हणजे केवळ वजन वर उचलण्यापुरते पाहिले, तर आमचा अख्खा घोडा अश्वशक्तीचा जेमतेम एक तृतीयांशाहून थोडा अधिक भरत होता. मी खूप हसले आणि मग लक्षात आले, की गणित करताना आपण हसलो आहोत. त्या परीक्षेत मी उत्तीर्ण झाले.

पुष्कळ वर्षांनी, संसार आणि मुले सांभाळून मी दूरशिक्षणाने पदवीचा अभ्यास सुरू केला. तेव्हा मानसशास्त्राच्या एका पुस्तकात मला बर्लिनचा हान्स भेटला. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ऑस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा हा घोडा बेरजा, वजाबाक्या, अपूर्णांक सोडवतो आणि खूर आपटून उत्तर देतो, अशी ख्याती होती. १९०४ मध्ये एका समितीने तपासणी केली. तिला काही लबाडी आढळली नाही. नंतर ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने निराळ्या रीतीने परीक्षा घेतली. ज्याला उत्तर ठाऊक नाही अशा माणसाला त्याने प्रश्न विचारायला लावले, किंवा विचारणारा घोड्याला दिसणार नाही अशी व्यवस्था केली. हान्सची उत्तरे चुकू लागली. खूर आपटण्याची योग्य संख्या पुरी होताच विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलत असे आणि हान्स ते टिपून थांबत असे. घोड्याला गणित येत नव्हते. त्याला माणूस वाचता येत होता.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ बसून राहिले. वर्गातली मी अगदी तशीच होते. फळ्यासमोर उभी राहून मी आकड्यांकडे नव्हे, गुरुजींच्या भुवयांकडे पाहत असे. "बारा?" भुवई चढली, की "चौदा?" भुवई उतरली, की तेच उत्तर. परीक्षेच्या खोलीत गुरुजींची भुवई नव्हती, म्हणून गुण १९ पडले. चंद्रीच्या बरगडीवर टेपची दोन टोके टेकली, त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर असा प्रश्न आला, की ज्याचे उत्तर वाचायला कोणाचाही चेहरा उपलब्ध नव्हता. शिकणे म्हणजे काय, हे मला तेथे समजले.

आपण सारे जण असेच शिकत आहोत. नोकरी, शेती, चूल यांतून वेळ काढून रात्री पुस्तिका उघडतो, तेव्हा आपल्यासमोर कोणाचाही चेहरा नसतो. ही आपली उणीव आहे, असे मी अनेकांकडून ऐकले आहे आणि कित्येक रात्री मला स्वतःलाही ती जाचली आहे. पण भुवई नसली, की आपल्याला प्रश्नाकडेच पाहावे लागते, हेही तितकेच खरे.

राजा आणि चंद्री आता नाहीत. अण्णा थकले आहेत. माझ्या पहिल्या वर्षाचा निकाल आला तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांची दृष्टी अधू झाली आहे, आकडे आता त्यांना दिसत नाहीत. त्यांनी कागदावरून बोट फिरवले आणि विचारले, "किती?"

मी त्यांना प्रत्येक विषयाचा आकडा सांगितला, एकही न वगळता.